अक्काचं पेट्रोल

लोकमान्यनगर, इंदूर
तुळशीच्या लग्नानंतरचा मंगळवार

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे यंदाच्या भाऊबीजेला गैरहजर राहिलेल्या मुराळ्याचा, दुरूनच साष्टांग नमस्कार. (जवळून करायचा होता तो का राहिला, त्याबद्दलच हे पत्र आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? पडलीस तेव्हा मनगटाला आलेली सूज उतरली का? शेजारच्या शैलजाबाई रोज सकाळी डोकावून जातात ना? एवढी विचारपूस खरं तर फोनवरच व्हायची, पण तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या भावजयीचा, सरोजिनीचा, उचलतेस. तिच्याशी लोणच्याच्या फोडी यंदा मऊ का पडल्या इथपर्यंत बोलतेस, आणि मी शेजारी उभा राहून हात पुढे केला की तुझ्याकडची लाइन जाते. परवा तिच्यामार्फत तुझा निरोप मिळाला, की आता मी इंदूरला येत नाही, आणि त्या दिवशी काय झालं त्याचा खुलासा दिवाकरनं लेखी द्यावा. तू मुख्याध्यापिका होतीस तेव्हा उशिरा येणाऱ्या मास्तरांकडून असाच लेखी खुलासा घ्यायचीस, आणि भलेभले मास्तर तुझ्या टेबलासमोर घाम पुसत उभे असायचे, हे मी ऐकून आहे. मीही वीज मंडळात जन्म काढला आहे. तिथे दिवे गेले तरी खुलासा द्यावा लागे आणि भलत्या वेळी आले तरी द्यावा लागे, त्यामुळे माझा हात बसलेला आहे. निकाल तुझ्या मनाप्रमाणे लाव, पण संपूर्ण वाचल्याशिवाय लावू नकोस.

सुरुवात गाडीपासून करणं भाग आहे, कारण तू ती अजून पाहिलेली नाहीस. (पाहिली असतीस तर खुलाशाची वेळच आली नसती.) ही गाडी म्हणजे एका पत्र्यात बसवलेल्या दोन गाड्या आहेत. पुढे पेट्रोलचं इंजिन आहे आणि मागे विजेची मोटर. घरच्या भिंतीतल्या प्लगला तिची वायर लावून ठेवायची, की सकाळी ती विजेवर चालते, आवाज न करता, पायात मोजे घातलेल्या माणसासारखी. वीज संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं आणि पुढचा प्रवास ते करतं. याला प्लग-इन हायब्रिड असं नाव आहे. पिथमपूरच्या एका कारखानदारांनी ती हौसेनं परदेशातून आणवली होती. आठ-नऊ वर्षं वापरून त्यांनी ती विकायला काढली, तेव्हा इतकी मोठी गाडी इतक्या कमी पैशांत का देताहेत, असं सरोजिनीनं मला विचारलं होतं. मी त्यांना विचारलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर विजेचं मीठ खाल्लं, त्याच्या दारात विजेवरची गाडी आल्यावर त्याला असले प्रश्न सुचत नाहीत. इंदुरात कुठलंही वाहन घेतलं की ते आधी खजराण्याच्या गणपतीपुढे न्यायचं असतं, तसं नेलं. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मी म्हटलं, महाराज, एक यंत्र मागेही आहे. तेव्हा त्यांनी मागेही स्वस्तिक काढलं, तिथेही नारळ फोडला आणि दक्षिणा दोन गाड्यांची घेतली. दोन यंत्रं असली की खर्च दोनदा होतो, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

तिथून मी थेट पंपावर गेलो आणि टाकी काठोकाठ भरून घेतली. पंपावरूनच तुला फोन केला होता, तुला आठवत असेल. म्हटलं, अक्का, टाकी फुल केली आहे, आता तुला न्यायला धुळ्याला येतो. आई गेल्यापासून तू माहेरी आली नव्हतीस. लेक माहेरी यायची तर तिला न्यायला मुराळी जावा लागतो ही आपली रीत. तुझी सत्तरी उलटली, भाऊजी गेले, सासरी म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही, तरी ती रीत तू सोडली नाहीस. न्यायला आलात तर येईन, आपणहून पिशवी घेऊन तुमच्या दारात उभी राहणार नाही, असं तुझं म्हणणं. वाहनाबद्दल मात्र तुझी काही अट नव्हती. तू बसनं ये, आपण बसनं जाऊ, असं तू दर वेळी म्हणायचीस, हे खुलाशात नोंदवलं पाहिजे. पण बहिणीला न्यायला आलेला मुराळी तिला हाताला धरून बसच्या पायऱ्या चढवतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर काही नीट उभं राहीना. तुझ्या गुडघ्यांचीही काळजी होती. (ती खरोखरच होती. सरोजिनी या वाक्याला हसली, पण ते मी खोडणार नाही.)

त्या दिवसापासून टाकीतल्या पेट्रोलला आमच्या घरात ‘अक्काचं पेट्रोल’ असं नाव पडलं. चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते, हे आपल्या घराण्याचं वळण तुला सांगायला नकोच. शाळेनं निरोप देताना दिलेला तुझा काचेच्या कपबशांचा सेट अजून खोक्यात आहे, आणि पाहुणे आले तरी हे पाहुणे तेवढे मोठे आहेत का, असा तू आधी विचार करतेस. त्याच वळणाला अनुसरून मी ते पेट्रोल ठेवलं. गाडी फक्त विजेवर चालवायची, इंजिनाला हात लावायचा नाही, ते ठेवणीतलं. पण बॅटरी जुनी असल्यामुळे एका चार्जिंगमध्ये राजवाडा, सराफा, मंडई आणि परत, एवढाच आमचा मुलूख होता. सरोजिनीनं उज्जैनचं नाव काढलं, मी म्हटलं, नको, अक्काचं पेट्रोल आहे. तिनं ओंकारेश्वरचं काढलं, मांडूचं काढलं, मी तेच म्हटलं. नंतर तिनं नावं काढणं सोडलं आणि रिक्षानं जायला लागली. दारात एवढी मोठी गाडी असून रिक्षानं फिरणारी बाई म्हणून आमच्या गल्लीत तिला मान आहे.

फक्त एकदा लांब गेलो, सिमरोलला. तिथल्या मोठ्या कॉलेजात तिची भाची स्पृहा शिकवते, तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जाताना वीज पुरली, पण पोचेपर्यंत संपत आली. तेव्हा परतीसाठी स्पृहाच्या स्वयंपाकघरातल्या प्लगला गाडी लावली. त्या प्लगवर मिक्सर चालायचा होता, तो चालेना. मिक्सर लावला की गाडी बंद पडे आणि गाडी लावली की आचारी ओरडे. इतर पाहुणे जेवून गेले. आम्ही चहाला थांबलो, मग सरबताला, मग गुरुजीही निघून गेले आणि आम्ही पिठलंभाताला थांबलो. अखेर स्पृहाच्या नवऱ्यानं, मुलगा फार सभ्य आहे, मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की काका, गाडीत पेट्रोल नाहीये का? मी म्हटलं, आहे ना, टाकी फुल आहे. त्यानंतर तो आमच्याशी जपून बोलायला लागला.

आता खुलाशातला नाजूक भाग येतो. या गाडीला स्वतःची काळजी असते. पुष्कळ दिवस इंजिन चाललं नाही तर ती समोरच्या काचेवर, म्हणजे टीव्हीसारखी पाटी असते तीवर, विनंती करते की पेट्रोल जुनं होत चाललं आहे, थोडा वेळ इंजिन चालवू द्या. खाली दोन बटणं येतात, ‘आता’ आणि ‘नंतर’. मी ‘नंतर’ दाबलं. तुझं पेट्रोल तिला असं गल्लीत उभ्याउभ्या जाळायला देणं मला पटेना. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा ‘नंतर’ दाबलं. असं पुष्कळ चाललं. चावी फिरवली की ती विचारायची, मी दाबायचो, जसं देवळात शिरताना घंटेला हात जातो. त्या काळात तुझाही दर सणाला फोन यायचा, कधी येतोस म्हणून. एका वर्षी सरोजिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, एका वर्षी पाऊस लांबला, मग पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं निघालं. मी म्हणायचो, नंतर येतो अक्का, टाकी भरलेलीच आहे. मग एक दिवस गाडीनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, तिची समजूत पटली. सरोजिनी म्हणाली, अक्कांनीही दसऱ्याला विचारलं नाही. मी म्हटलं, अक्काचीही पटली असेल.

त्यानंतर तू पडल्याचा शैलजाबाईंचा फोन आला. मी घाबरलो, अक्का. लहानपणापासून तू उभीच दिसलेली आहेस, पडलेली मला दिसेना. त्याच आठवड्यात तू स्वतः सांगितलंस की आता एकटीनं होत नाही, कायमचं माहेरी यायची तयारी आहे, भाऊबीजेला न्यायला ये. फोन ठेवून मी गाडी पुसायला घेतली. माझ्या ठेवणीचा दिवस उजाडला होता.

पाडव्याच्या सकाळी निघालो. सरोजिनीनं फराळाचा डबा घेतला, तुझ्यासाठी उशी आणि पायाखाली घ्यायला पाट घेतला. राऊ गेलं, महू आलं, तिथे वीज संपली. मी सरोजिनीला म्हटलं, आता ऐक. ती ऐकत राहिली. आधी नुसतीच शांतता होती. मग गाडीच्या पोटात कुणीतरी खोबरं किसतं आहे असा आवाज आला, गाडी दोनदा शिंकली, आणि इंजिन चालू झालं. चालू झालं म्हणजे थरथरू लागलं. डब्यातल्या चकल्या वाजू लागल्या. थोडं पुढे गेल्यावर पाटीवर एक कासव आलं. खरंच सांगतो, लहान मुलांच्या पुस्तकात असतं तसं कासवाचं चित्र. गाडीची ताकद संपत आली की ते येतं म्हणे. मुंबई-आग्रा रस्त्यावर मी कासवाच्या चालीनं चाललो आहे आणि मागे ट्रकांची रांग, त्यातला प्रत्येक जण भोंग्यातून माझ्याशी बोलतो आहे, असं करत आम्ही मानपूर गाठलं. तिथे एका चहाच्या टपरीसमोर गाडी शेवटची शिंकली. घाट पुढेच होता, देवाची कृपा म्हणायची. मी बटणं दाबून पाहिली. ‘आता’ही नाही आणि ‘नंतर’ही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

मानपूर हे सज्जनांचं गाव आहे. टपरीवर बसलेले सगळे उठून आले आणि त्यांनी गाडीला वेढा दिला. चार्जिंग संपली असेल असं एकाचं मत पडलं, पेट्रोल संपलं असेल असं दुसऱ्याचं. मी दोघांनाही समजावलं की ही दोन्हीवर चालते. तेव्हा टपरीवाला बराच वेळ विचार करून म्हणाला, “मतलब भिया, ये दोनों से नहीं चल रही?” इंदूरहून क्रेन मागवली, ती येईपर्यंत दुपार टळली. दरम्यान मी तुला फोन करत होतो, निघतोच आहोत, तासाभरात निघतो, असं सांगत होतो. मला खरोखर वाटत होतं की ती सुरू होईल. इतकी वर्षं जपलेली वस्तू ऐन वेळी दगा देईल हे मनाला पटतच नव्हतं. तू दुपारपासून हिरवं इरकल नेसून, कुलूप मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली होतीस, आणि दिवेलागणीला उठून आत गेलीस, हे शैलजाबाईंनी सरोजिनीला सांगितलं आणि सरोजिनीनं मला. त्याबद्दल मला लेखी काही लिहिता येत नाही. एवढंच नोंदवतो की धुळ्याला पोचण्याचं दुसरं कोणतंही साधन त्या जागी उपलब्ध नव्हतं. फराळाचा डबा सुखरूप आहे.

आता दुरुस्तीबद्दल. ज्या कंपनीची गाडी आहे तिचं वर्कशॉप इंदुरात नाही, जवळचं म्हणजे मुंबईला. शेवटी भंवरकुआंला एक परेश सर सापडले. भंवरकुआं म्हणजे कोचिंग क्लासांचं माहेरघर. हे परेश सरही पूर्वी क्लासात फिजिक्स शिकवत, आता हायब्रिड गाड्या दुरुस्त करतात आणि स्वतःला मध्य भारतातला एकमेव तज्ज्ञ म्हणवून घेतात. शिकवण्याची सवय गेलेली नाही, त्यामुळे गॅरेजात पांढरा फळा आहे. त्यांनी मला स्टुलावर बसवून फळ्यावर चार पर्याय लिहिले: अ, बॅटरी. ब, इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीतली वीज मोटरला चालेल अशी करून देणारा डबा. क, सेन्सर. ड, यापैकी नाही. मग म्हणाले, “काका, टेन्शन नको घेऊ, एक-एक एलिमिनेट करते जाऊ.” पहिल्या आठवड्यात बॅटरी उघडली. ती थकलेली होती, पण मेलेली नव्हती. उघडण्याचे आणि बंद करण्याचे वेगवेगळे पैसे लागले. दुसऱ्या आठवड्यात इन्व्हर्टर अहमदाबादला जाऊन आला आणि निर्दोष सुटला. जाण्यायेण्याचं भाडं मी दिलं. मग सेन्सर नवा घातला, जुनाच बरा होता. क्लासात चुकीच्या उत्तराला विद्यार्थ्याचे गुण कापतात, इथे उत्तरं सरांची चुकली आणि कापला गेलो मी. राहता राहिला ड. सरांनी टाकीचं झाकण उघडलं आणि ते मागे सरकले. पॉलिशवाला घरी येऊन गेल्यावर दारं-खिडक्यांना येतो तो वास होता. पेट्रोल किती दिवसांचं आहे असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, “काका, पेट्रोल होतं का लोणचं? मुरवायला ठेवलं होतं काय?”

पेट्रोल मुरत नाही, अक्का. ते नासतं. त्याचा डिंक होतो आणि तो डिंक पंपात जातो, नळ्यांत जातो, इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या बारीक तोट्यांत जाऊन बसतो. आता टाकी धुवायची, पंप बदलायचा, तोट्या परदेशातून मागवायच्या, आणि एवढं उघडलंच आहे तर बॅटरीचे थकलेले भागही बदलून घ्या, असा सरांचा आग्रह आहे. त्यांनी फळ्यावर बेरीज केली तेव्हा फळा पुरला, पण मला बसवेना. गाडी घेतली त्याहून दुरुस्ती जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. सरोजिनी म्हणाली, एवढ्या पैशांत अक्कांना भोई लावून, वाजतगाजत, पालखीतून आणता येईल. मी सरांना हो म्हणून आलो आहे. कारण ती गाडी तुला आणण्यासाठी ठेवलेली आहे, आणि तुला आणल्याशिवाय ती भंगारात गेली तर इतकी वर्षं मी नेमकं काय केलं, याचा खुलासा मला माझ्यापुरताही देता येणार नाही.

तरी तुला नम्र विनंती की राग आवरावा आणि येणार नाही हे म्हणणं मागे घ्यावं. तोट्या महिन्याभरात येतील. मग धनुर्मास लागतो, धनुर्मासात माणूस हलवू नये म्हणतात, म्हणून तो जाऊ दे. संक्रांत झाली की तिळगूळ घेऊन, दुरुस्त झालेल्या गाडीतून, नव्या पेट्रोलनं, मी स्वतः तुला न्यायला येतो. तुझी खोली सारवल्यासारखी लख्ख आहे. पलंगाखाली हात घालायला लागू नये म्हणून चपलांसाठी उंच फळी केली आहे, बाथरूममध्ये दांडा बसवला आहे आणि तो मी स्वतः लोंबकळून तपासला आहे. कळावे, लोभ आहेच असं समजून चालतो, कारण नसला तर मी कुठे जाणार?

तुझा,
दिवाकर

ता. क. खुलाशासोबत पुरावा जोडावा लागतो, म्हणून टाकीतून काढलेल्या पेट्रोलचा नमुना एका बाटलीत भरून ठेवला आहे. रंग चहाचा आहे, वास घेऊ नकोस. बाकीचं परेश सरांनी नटबोल्ट धुवायला ठेवून घेतलं. तुझं होतं म्हणून मी तुझ्या वतीनं परवानगी दिली.

आणखी एक ता. क. (अक्षर सरोजिनीचं आहे.) वन्सं, साष्टांग नमस्कार. यांनी पत्र पाकिटात घालायच्या आधी मला दाखवलं, वाचून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मानपूरला साधन नव्हतं हे खरं नाही. टपरीच्या पुढ्यातच बस उभी होती आणि कंडक्टर सेंधवा, शिरपूर, धुळे असं ओरडत होता. मी पिशवी घेऊन पायरीवर एक पाय ठेवला होता. हे म्हणाले, गाडी अशी रस्त्यावर टाकून कशी जायची? मी म्हटलं, गाडी कुणी नेणार नाही, ती चालतच नाही. बस सुटेपर्यंत हे चावी फिरवत होते. डबाही सुखरूप नाही, फराळ मी क्रेनवाल्यांना दिला, ते सकाळपासून उपाशी होते. दुसरी गोष्ट, वरचं पत्र तुम्ही पुन्हा वाचा. आधी तोट्या येऊ देत, मग धनुर्मास जाऊ दे, मग संक्रांत होऊ दे. मी यांना विचारलं, हे कुठलं बटण दाबलंत तुम्ही? तेव्हापासून हे खिडकीशी बसले आहेत. मी यांचे दोन सदरे पिशवीत भरून पिशवी दारात ठेवली आहे. तुम्ही येताना तो कपबशांचा सेट आणा, इथे आपण रोज वापरू.

ता. क. (अक्षर वेडंवाकडं आहे, कारण बस हलते आहे.) अक्का, पुराव्याची बाटली कंडक्टरनं वास घेऊन इंदूरच्या स्टँडवरच उतरवली. भिया, बस उडवायची आहे का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते पेटत नाही, तीच तर तक्रार आहे, पण त्यानं ऐकलं नाही. आत्ताच मानपूर गेलं. टपरीवाल्यानं मला खिडकीत ओळखलं आणि हात केला. परेश सरांना निघताना फोन करून सांगितलं की तोट्या मागवू नका. ते म्हणाले, “काका, मग गाडीचं काय करायचं?” मी म्हटलं, ती गोष्ट नंतर.

शेवटचा ता. क. (धुळे, तुझ्या दारातली पायरी.) बेल दोनदा वाजवली. खिडकीचा पडदा हलला, तो मी पाहिला आहे. तू लेखी मागितलंस म्हणून लेखी आणलं आहे. पाकिटाला टपालाचं तिकीट नाही, दाराखालून सरकवतो आहे. वर संक्रांतीचं लिहिलं आहे ते खोडलेलं समज, आणि साधन उपलब्ध नव्हतं हेही. शैलजाबाईंनी गॅलरीतून पाणी विचारलं. मी नको म्हटलं, पहिलं पाणी तुझ्या घरचं घ्यायचं आहे. बसच्या पायऱ्या मी चढून-उतरून पाहिल्या आहेत, तीनच आहेत, तुला हाताला धरून सहज चढवीन. उद्या सकाळच्या बसची दोन तिकिटं काढली आहेत, पुढच्या सीटची, खिडकीची तुझी. ती परत होत नाहीत, आणि वाया गेलेलं मला सोसत नाही हे तुला माहीत आहे. पेट्रोल गेलं तेवढं पुरे झालं. मुराळी आला आहे, अक्का. दार उघड.